एका पायावरचा फोटो

१ जुलै, मंगळवार

गार्गी आज भिंत सोडून उभी राहिली. वृक्षासन. डावा पाय जमिनीवर, उजवं पाऊल पोटरीला टेकवलेलं, हात छातीशी. मी अकरा श्वास मोजले. मनात मोजले. तोंडाने मोजलं की पोरं श्वास धरून ठेवतात.

मार्चमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा आईने हाताला धरून वर आणलं होतं. माझ्या घराच्या वरच्या खोलीला चौदा पायऱ्या, त्यात तीनदा बसली. पंधरा वर्षांची पोर. दोन वर्षांपूर्वी ताप आला, ताप गेला, दुखणं राहिलं. गुडघे, कंबर, मनगटं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. हे 'नॉर्मल' ऐकून ऐकून ती इतकी वैतागलीय की तो शब्द आला की मान फिरवते.

पाय खाली टेकल्यावर म्हणाली, "अक्का, एक फोटो काढा ना. मला बघायचंय मी कशी दिसते." परत उभी राहिली, तेवढ्यापुरती. काढला. स्वतःला बघून हसली. इतक्या दिवसांत तिचे दात आज पहिल्यांदा दिसले.

मग नेहमीप्रमाणे सगळे पाठीवर आडवे, गुडघ्यांखाली लोड, आणि ऋचाचा तास. ही पद्धत आम्हा दोघींची. आधी माझी आसनं, मग तिचं बोलणं. पण गोल बसून नाही. गोल बसवलं की चारही पोरं मुकी. आडवं पाडून छताकडे बघायला लावलं की बोलतात. त्याला आम्ही 'पंख्याशी बोलणं' म्हणतो. ऋचा समुपदेशक, पुण्याची, एकतीस वर्षांची, शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, महादेवपुऱ्याहून मेट्रो बदलत बसवनगुडीला माझ्या घरी येते. मी निपाणीची, अठ्ठावीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेली. तिचं सगळं मऊ, माझं सगळं कडक. जमतं पण.

खोलीचे नियम दोन. खोलीतलं खोलीत. आणि किती दुखतंय हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

संध्याकाळी गार्गीच्या आईला, स्मिताला, फोटो पाठवला. खाली लिहिलं, बघा तुमची लेक.

२ जुलै, बुधवार

स्मिताचं उत्तर. जोडलेले हात, रडकं तोंड, परत जोडलेले हात. "अक्का, ह्यांना दाखवला. बघतच राहिले."

दिवसभर खुशीत होते. उपमा खाली लागला तरी आमच्या ह्यांना एक शब्द बोलू दिला नाही. वहीत गार्गीच्या पानावर लाल शाईने ११ लिहिलं. इतर कुणाच्या पानावर लाल नाही.

५ जुलै, शनिवार

गार्गी आली नाही. स्मिता फोन उचलत नाही. तीनदा केला.

बाकी तिघं होती. सहाना पंख्याशी बरंच बोलली. ही सोळा वर्षांची, डोकं दुखण्याची. महिन्यातले दहा दिवस अंधारात पडून असते. घरी कानडी, माझ्याकडे अर्धी मराठी, तीही माझ्याच कृपेने मोडकी. आज म्हणाली, "डोकं दुखत नसतं ना अक्का, तेव्हा पण मी स्वल्प हळूच हसते. जोरात हसले की घरचे म्हणतात, बरी आहेस की मग."

ऋचा नुसतं "हं" म्हणाली. मी तिच्या जागी असते तर भाषण ठोकलं असतं. तिच्या त्या "हं"चा मला अजून हेवा वाटतो.

६ जुलै, रविवार

स्मिताचा फोन आला. गॅलरीत जाऊन बोलत असावी, मागे कुकरच्या शिट्ट्या.

शाळेशी ठरलंय की गार्गीने दुपारपर्यंतच बसायचं. दर सत्राला त्यासाठी वडिलांच्या सहीचं पत्र लागतं. या सत्राचं पत्र टेबलावर पडून होतं. फोटो बघितला आणि वडिलांनी सही केली नाही. म्हणाले, "एका पायावर उभी राहते आणि दोन पायांनी शाळेत जात नाही? दहावीचं वर्ष आहे. बास झालं आता." उद्यापासून पूर्ण दिवस शाळा. माझ्याकडचा वर्गही बंद, कारण बरी झाली ना.

मी विचारलं, गार्गी काय म्हणाली?

"काही नाही. एवढंच विचारलं, बाबांकडे फोटो कसा आला."

"मग?"

"मी सांगितलं, अक्कांनी पाठवला."

फोन ठेवल्यावर भाजी चिरायला घेतली. गवार. निम्मी शेंग टाकून दिली आणि शिरा पातेल्यात टाकल्या. ह्यांनी सुरी काढून घेतली हातातून.

७ जुलै, सोमवार

ऋचाला फोनवर सांगता आलं असतं. मीच म्हटलं, ये. आली. सगळं ऐकून घेतलं.

"काकू, तिला विचारलं होतंत?"

"फोटो तिनेच काढायला लावला."

"काढायला. पाठवायला?"

मी म्हटलं, ती पंख्याशी काही बोलली असती आणि मी ते आईला सांगितलं असतं, तर गोष्ट वेगळी. आसनात लपवण्यासारखं काय आहे? कवायतीच्या मैदानावर सगळं सगळ्यांना दिसतं.

"हे मैदान नाही ना पण. तिने भिंत सोडली ती आपल्यासमोर सोडली. तिच्यासाठी ते काहीतरी सांगण्यासारखंच आहे. मी तीन महिन्यांत तिच्या आईला एक वाक्य सांगितलेलं नाही. आणि खोली एकच आहे आपली."

बरोबर बोलत होती, म्हणूनच मला राग आला. म्हटलं, "तू आईबापांना लांब ठेवतेस, म्हणून मला त्यांना जवळ घ्यावं लागतं." वर आणखी म्हटलं, "दोन पुस्तकं वाचून मला पोरं शिकवू नकोस." हे इथे लिहून ठेवते. म्हटलं ते म्हटलं.

ती पर्स उचलून गेली. कॉफी तशीच.

ह्यांनी खालून सगळं ऐकलेलं. "शिट्टी अजून गळ्यातच आहे तुझ्या," एवढंच बोलले आणि कप घेऊन गेले.

८ जुलै, मंगळवार

वाटलं ऋचा येणार नाही. आली, नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी. सतरंज्या अंथरल्या माझ्याबरोबर. मी म्हटलं, काल बोलायला नको होतं मी तसं. ती म्हणाली, "मला पण जमलं नाही काकू. आईवडिलांशी मी खरंच बोलत नाही. भीती वाटते मला त्यांची." मग दोघी लोड लावत राहिलो.

पंख्याच्या वेळी आज मीही आडवी झाले. कधी होत नाही. पोरांच्या ओळीत, गार्गीच्या रिकाम्या सतरंजीशेजारी. पंख्याला सांगितलं की मी गार्गीचा फोटो तिला न विचारता घरी पाठवला, त्यामुळे तिला त्रास झाला, चूक माझी आहे.

मग सहाना. "आमचं पण काही पाठवलंय का अक्का?"

फोटो नाही, असं म्हणणार होते. फोटो खरंच नाही. पण तिच्या आईला मागच्या महिन्यात मी बोलून संदेश पाठवला होता, आज सहाना एकदम झकास होती म्हणून. तेही सांगितलं.

"त्या दिवशी आईने मला लग्नाला नेलं," सहाना म्हणाली. "मोठा लाउडस्पीकर होता."

मला छत दिसेना. पंचावन्न वर्षांची बाई मी, तीन पोरांत आडवी पडून डोळे पुसते आहे. कुणी बघितलं नाही, कारण सगळे वर बघत होते. पद्धत चांगली आहे आमची, हे तेव्हा कळलं.

९ जुलै, बुधवार

सुवर्णा आठवते आहे सारखी. माझ्या शाळेतली, आठवीतली. पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून बाजूला बसायची. दर आठवड्याला. एकदा सगळ्या वर्गासमोर म्हटलं, नाटकं बंद, मैदानाला दोन फेऱ्या. पळाली बिचारी. दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. मी टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, बघ, येतं की नाही?

त्यानंतर ती माझ्या तासाला कधी बाजूला बसली नाही. मला वाटायचं मी तिला बरं केलं. पुढच्या वर्षी तिने शाळा बदलली. तिला काय होत होतं ते मी कधी विचारलंच नाही.

गार्गीच्या बापावर मी चार दिवस चिडून आहे. तो बोलला तेच मी सुवर्णाला बोलले होते, फक्त वर टाळ्या वाजवल्या.

१२ जुलै, शनिवार

मला आज सरळ त्यांच्या घरी जायचं होतं. बापाला समोर बसवून समजवायचं होतं. पायात चप्पल घातली होती. ऋचाने अडवलं.

"काय सांगणार त्यांना?"

"की ती खरंच दुखण्यात आहे."

"हे सांगू का, असं गार्गीला विचारलंत?"

परत तेच करायला निघाले होते. चप्पल काढली.

मग पत्र. गार्गीला. तीन कागद फाडले. पहिल्यात माझंच रडगाणं, दुसऱ्यात उपदेश, तिसऱ्यात 'तू लवकर ये'. ऋचा म्हणाली, ये म्हणू नका, म्हणजे तिला नाही म्हणायची मोकळीक राहील. शेवटी एवढंच उरलं:

गार्गी, फोटो तुझा होता. तुला न विचारता मी पाठवला. चूक माझी आहे, तुझी नाही आणि आईची नाही. बाबांशी मी बोलायला तयार आहे. काय सांगायचं आणि काय नाही, ते तू ठरव. काहीच सांगू नका म्हणालीस तर काहीच सांगणार नाही. अक्का.

अक्षर मोठं काढलं. इंग्रजी शाळेतली पोर, देवनागरी अडखळत वाचते. स्मिता देवळात जाताना येऊन घेऊन गेली. पाकीट चिकटवलेलं आहे म्हटलं, तसंच दे. ती म्हणाली, "सरी अक्का," म्हणजे बरं. इथे चार वर्षं राहून एवढं कानडी आलं तिला.

१५ जुलै, मंगळवार

उत्तर नाही.

स्मिताकडून कळलं ते असं. पूर्ण शाळा सुरू आहे. संध्याकाळी घरी आली की दप्तर दारातच टाकते. काल चमचा हातात धरवेना, आईने भरवलं. बाप म्हणाला, सवय मोडलीय, लागेल परत.

वर्गशिक्षिकेने सांगितलंय, पत्र १ ऑगस्टपर्यंत आलं तर अर्धा दिवस मिळेल. नंतर या सत्रात काही करता येणार नाही.

म्हणजे सतरा दिवस. मला एरवी वाट बघता येत नाही. दूध उतू जायच्या आत तीनदा झाकण काढून बघणारी बाई मी. पण या वेळी तिने सांगितल्याशिवाय हलायचं नाही, हे ठरवलंय. ठरवलंय म्हणजे ठरवलंय.

१७ जुलै, गुरुवार

आलं. वहीच्या पानावर, पेन्सिलीने, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. मराठीत करून उतरवते.

"अक्का, तुम्हाला फोटोनंतरचं माहीतच नाही. तुमच्या जिन्यावर मी चौथ्या पायरीवर बसले, दहा मिनिटं. ऑटोमध्ये आईच्या मांडीवर झोपले. दुसऱ्या दिवशी मोजे घालता आले नाहीत, शाळेला गेले नाही. बाबा तेव्हा ऑफिसला गेलेले. त्यांनी फक्त फोटो पाहिला. बाबांना हे सांगा. बाकी काही नको. पंख्याला सांगितलेलं तर अजिबात नको. मी सांगितलं तर त्यांना बहाणा वाटतो. तुम्ही सांगितलं तर कदाचित नाही वाटणार."

जिन्यावर बसली होती. चौथ्या पायरीवर. मी वर खोलीत सतरंज्या गुंडाळत गाणं म्हणत होते त्या वेळी.

वही उघडली. प्रत्येक पोराच्या पानावर काय आहे? किती श्वास, कुठलं आसन, किती वेळ. नंतरचं एक अक्षर नाही. पोरं चप्पल घालून खाली गेली की माझ्या लेखी बरी. पीटीच्या वहीतही असंच असायचं, धावण्याची वेळ आणि उडीची लांबी.

लाल अकरा तसंच ठेवलं, खोडलं नाही. समोर लिहिलं, ४थी पायरी, १० मि. दु. दि. मोजे नाहीत.

२० जुलै, रविवार

गार्गीच्या घरी गेलो, ऋचा आणि मी. ऋचा वाटेत म्हणाली, मी बोलणार नाही, पण बसेन. घाबरली होती, तरी आली.

गार्गीचे वडील, श्री. बापट. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पंप तपासणीत. मूळचे सांगलीचे. मी मनात राक्षस काढून ठेवला होता, समोर आला एक बारीक, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेला माणूस. पाण्याचे ग्लास स्वतः घेऊन आले.

आधीच म्हणाले, "मॅडम, तुमचे उपकारच आहेत. दोन वर्षांत कुणाला जमलं नाही ते तुम्ही केलंत." माझ्या कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, फोटोतलं खरं आहे, पण अर्धंच आहे. मग गार्गीने लिहिलेलं सांगितलं. जिना, ऑटो, मोजे. तेवढंच. वर एक शब्द नाही. जीभ वळवळत होती, दाबून बसले.

"हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही. मी पाहिलं नाही, हीच माझी चूक. गार्गीने मला सांगितलं, तुम्हाला सांगा म्हणून."

"म्हणजे ती म्हणते."

"हो. ती म्हणते."

आतल्या खोलीचं दार चार बोटं उघडं होतं. ते मला दिसत होतं, त्यांची पाठ होती तिकडे.

मग मी विचारलं. आधी ठरवलेलं नव्हतं, सुचलं. "तुमच्याकडे पंप एकदा सुरू झाला की पास करता का?"

"छे. आठ तास चालवतो. बंद करतो. दुसऱ्या दिवशी परत लावून बघतो, तेव्हा कुठे—" आणि थांबले. हुशार माणूस आहे. चष्मा काढून पुसत बसले.

चष्मा परत चढवून बोलले. "मॅडम, मी पत्रावर सही करतो, दर सत्राला करतो. मग? ती जन्मभर अर्धाच दिवस जगणार का? कधीतरी कुणीतरी तिला ढकलायला नको?"

मला माहीत नाही, असं सरळ सांगितलं. ऋचा पहिल्यांदाच बोलली. "तुम्हाला त्या फोटोत काय दिसलं, काका?"

त्यांनी फोन काढून दाखवला. फोन उघडला की समोर तोच फोटो. दोन जुलैपासून लावून ठेवलाय. "इतक्या दिवसांत ती उभी असलेली मी बघितलीच नव्हती," म्हणाले. "मी घरी येतो तेव्हा ती आडवी असते. निघतो तेव्हाही."

स्मिता आत निघून गेली. मी तो फोटो बघत राहिले. मला वाटलं होतं त्याने पुरावा म्हणून जपलाय.

सहीचं विचारलं नाही. आम्ही निघताना तेच म्हणाले, बघतो. गार्गी बाहेर आली नाही. दार मात्र मिटलं नाही कुणी.

२२ जुलै, मंगळवार

गार्गी नाही. पण वर्ग बदलला.

माझी वही पोरांच्या स्वाधीन केली. ज्याचं पान त्याने लिहायचं. मी फक्त आसनाचं नाव लिहून देणार. 'नंतर' असा रकाना पाडला, तो पुढच्या वर्गाला येऊन भरायचा. जिना, घर, दुसरा दिवस. घरी काय पोचवायचं तेही त्यांनीच ठरवायचं, आणि दर महिन्याला आईवडिलांना बोलावून ऋचा आणि मी दोघी बसणार, पोराच्या समोर. ऋचा म्हणाली, मी शिकेन. मी म्हटलं, मी गप्प बसायला शिकेन, बघू कुणाचं आधी होतं.

सहानाने पहिल्याच दिवशी माझ्या लाल शाईवर बंदी घातली. "रेड बेडा अक्का. परीक्षा वाटते." आयतु, ठीक आहे म्हटलं. निळी आणली.

२६ जुलै, शनिवार

खाली ऑटो थांबल्याचा आवाज. गॅलरीतून बघायला गेले नाही. सतरंजी धरून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले, तेही बरं दिसेना म्हणून आत आले. ऋचा हसत होती.

गार्गी वर आली. वडील घेऊन आले होते, ते खालीच ह्यांच्यापाशी बसले. चेहरा पिवळा, डोळ्यांखाली काळं. तीन आठवडे पूर्ण शाळेचे. माझ्याकडे बघितलं नाही. तिची खिडकीखालची सतरंजी अंथरलेलीच होती, त्यावर आडवी झाली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, लोड लावू का? "मी लावते," म्हणाली. लावलाही तिनेच.

आसनं केली नाहीत. कुणी विचारलं नाही. पंख्याशीही बोलली नाही. शेवटी वहीतलं तिचं पान दाखवलं, निळं पेन दिलं. लाल अकरासमोर मी लिहिलेलं वाचलं तिने. दोनदा वाचलं.

"अक्का, फोन द्या."

दिला. "तो फोटो काढून टाका. माझ्यासमोर." काढून टाकला, तिच्यासमोर. मग ती परत सतरंजीवर आडवी झाली. एक हात कपाळावर, पाय लोडावर, मोजा एकाच पायात. दुसरा घालता आला नव्हता म्हणे सकाळी.

"आता हा काढा."

"असा?"

"असाच. हस म्हणून नका सांगू मला."

काढला. तिने फोन हातात घेऊन बराच वेळ बघितला. "हा बाबांना पाठवायचा. पण मी सांगेन तेव्हा."

"कधी?"

"सांगेन."

मी 'सरी' म्हटलं. आणखी काही बोलले असते, पण ऋचाने माझ्या पायावर पाय दिला.

२९ जुलै, मंगळवार

पत्र शुक्रवारी शाळेत पोचायला हवं. सही अजून नाही. स्मिता सांगते, कागद टेबलावरून उचलून त्यांनी स्वतःच्या बॅगेत ठेवलाय. ते चांगलं की वाईट, तिलाही कळत नाही.

गार्गी आज आली. भिंतीला पाठ लावून बसली, हात वर नेले, तीन श्वास. मी मोजले नाहीत. तिनेच सांगितलं नंतर, तीन. पंख्याशी एकच वाक्य बोलली. ते इथेही लिहीत नाही.

फोनमध्ये तो फोटो आहे. दिवसभरात चारदा उघडला. एक बोट लावलं की जाईल, शुक्रवारच्या आत जाईल, बाप बघेल, सही करेल. बहुतेक करेल. मला माहीत आहे कुठलं बटण आहे ते. वर्ग संपल्यावर गार्गीकडे बघितलं, तिने मान हलवली. अजून नाही.

खाली आलो. श्री. बापट ह्यांच्याबरोबर कॉफी घेत बसले होते. उठून उभे राहिले. मलाच विचारलं, हलक्या आवाजात, "आज कशी होती?"

फोन माझ्या हातातच होता.

म्हटलं, "तिलाच विचारा."

ते जरा गोंधळले. बहुतेक विचारायची सवयच नसावी, किंवा काय शब्दांत विचारायचं ते सुचेना. गार्गी मागे जिन्यात होती, चौथ्या पायरीवर टेकलेली, चप्पल घालत. त्यांनी तिच्याकडे बघितलं. जिना चढून गेले आणि तिच्याजवळच्या पायरीवर बसले. पँटची इस्त्री मोडली.

"बाळा, कशी होतीस आज?"

"सांगते," ती म्हणाली. "पण वेळ लागेल."

बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न दिला, परत दिला. ते उठले नाहीत. ह्यांनी बाहेर जाऊन त्याला कानडीत सांगितलं, स्वल्प थांब बाबा.

मी स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं.